बुजऱ्या माशाला आडोसा हवाच

मासा दिसत नाही म्हटल्यावर बहुतेक घरांत पहिला हात टाकीत जातो. लाकूड उचलून बघतात, कुंडी उलटी करतात, झाडं बाजूला सारतात. मासा जिवंत आहे अशी खात्री पटली की 'लपायला जागा आहे म्हणून लपतो' असं ठरवतात आणि निम्मी सजावट बाहेर काढून ठेवतात. मग तो मासा फिल्टरच्या मागे किंवा हीटर आणि काचेच्या फटीत जाऊन बसतो, खाणं सोडतो आणि पंधरा दिवसांत पांढुरका पडतो. हे इतकं सर्रास घडतं की बुजऱ्या माशांबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. आडोसा काढून घेतला की मासा आणखी बुजतो आणि आडोसा वाढवला की बाहेर येऊ लागतो. ऐकायला उलटं वाटतं, पण माशाच्या बाजूने विचार केला तर यात नवल काहीच नाही.

गोड्या पाण्यातला तीन-चार सेंटिमीटरचा मासा जन्मापासून कुणाच्या ना कुणाच्या तोंडचा घास असतो. वरून खंड्या आणि बगळा, खालून आणि बाजूंनी मोठे मासे. उघड्यावर यायचं की नाही, हे तो आडोसा किती जवळ आहे यावर ठरवतो. शेपटीच्या दोन फटकाऱ्यांत आत शिरता येत असेल तर तो निघतो. फूटभर मोकळी रेती ओलांडायची असेल तर निघत नाही. माशांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे लोक धीटपणा मोजतात तोही असाच. मासा झाकलेल्या कोपऱ्यात ठेवायचा आणि तो आपणहून बाहेर यायला किती वेळ घेतो ते बघायचं. एकाच विणीतली भावंडंसुद्धा यात सारखी नसतात, काही लगेच येतात, काही फार वेळ घेतात. तो ज्याचा त्याचा स्वभाव, तो आपल्याला बदलता येत नाही. पण त्याच माशाला लागणारा वेळ भोवतालानुसार कमी-जास्त होतो, आणि टाकीचा भोवताल पूर्णपणे आपल्या हातात असतो.

त्याआधी एक गोष्ट तपासायची. पहिल्यापासून लपणारा मासा आणि कालपर्यंत मोकळा फिरून आज लपलेला मासा, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. दुसऱ्या प्रकारात सजावटीचा विचार नंतर, आधी पाणी. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत, नायट्रेट २० ते ४० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅमच्या) खाली. टेस्ट किट घरात नसेल तर कपभर पाणी घेऊन दुकानात तपासून घ्या, पण अंदाजावर औषधं ओतू नका. मासा कल्ले भराभर हलवतोय का, पर अंगाला चिकटवून बसलाय का, अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके आहेत का, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी आहे का, हे बघा. पावसाळ्यात नळाच्या पाण्यात क्लोरिनचा वास वाढला असेल तर पाणी बदलताना अँटी-क्लोरिन विसरून चालत नाही. उन्हाळ्यात टाकीचं पाणी ३० अंशांच्या वर गेलं की त्यात विरघळणारा ऑक्सिजन घटतो. २५ अंशांना लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना ७.६. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात हा फरक माशाला चांगलाच जाणवतो, आणि तो कोपऱ्यात गप्प बसून राहतो किंवा वर येऊन धापा टाकतो.

आपल्याकडच्या घरांत आणखी एक कारण फार वेळा निघतं, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. डास मारायचं लिक्विड, कॉइल आणि झुरळांचा स्प्रे. यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातली रसायनं असतात आणि ती माशांना अत्यंत विषारी असतात. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, त्यामुळे टाकीवर झाकण असूनही रसायन आत पोचतं. मासे आधी सैरभैर पळतात, काचेवर आपटतात आणि मग एखाद्या फटीत जाऊन थांबतात. टाकी असलेल्या खोलीत लिक्विड मशीन लावूच नये. मच्छरदाणी आणि खिडकीची जाळी हाच पर्याय. स्प्रे मारावाच लागला तर पंप बंद करून टाकी ओल्या टॉवेलने पूर्ण झाका, आणि खोली नीट वारा खेळून मोकळी झाल्यावरच पंप सुरू करा.

आणि आजार नसताना, पाणी चांगलं असताना अचानक लपलेल्या मादीला तिच्या जागी राहू द्या. व्यायला आलेली गप्पी किंवा मॉली आडोसा शोधते, अंडी राखणारे सिक्लिड (एंजल, डिस्कस ज्या कुळातले ते मासे) जागा सोडत नाहीत.

हे सगळं ठीक असेल तर उरतो तो खरा बुजरेपणा. तिथे पहिली नजर जमिनीवर आणि प्रकाशावर टाकायची.

दुकानात मिळणारे निळे-गुलाबी खडे आणि त्यांवर झगझगीत पांढरी एलईडी, या जोडीइतकी माशाला उघडं पाडणारी दुसरी गोष्ट नाही. प्रकाश वरून येतो आणि खालून परत फिरतो, सावली कुठेच पडत नाही. अशा टाकीत मासे फिके पडतात, कारण अनेक मासे तळाच्या रंगाशी आपला रंग जुळवून घेतात. फिकेपणा हासुद्धा लपण्याचाच प्रकार. ज्या टाकीत खडे-रेती काहीच नाही तिच्या काचेतून खालचं पांढरं थर्मोकोल चमकतं, ते तर त्याहून वाईट. गडद रंगाची बारीक, गोल दाण्यांची रेती चार ते पाच सेंटिमीटर पसरा. नदीची रेती चालते, पण आधी तिच्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून बघा. फसफसली तर तिच्यात शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडी आहे आणि ती पाणी जड करत राहील. बांधकामाच्या टोकदार क्रश सँडने तळाला राहणाऱ्या माशांच्या मिशा झिजतात, ती नको.

मागची काच आणि दोन्ही बाजूंच्या काचा बाहेरून काळ्या चार्टपेपरने झाका. चारही कडा टेपने पक्क्या करा, नाहीतर कागदामागे पाणी उतरतं आणि काच चकाकते. प्रवाळांचं चित्र असलेली चकचकीत शीट लावू नये. तिच्या चकाकीत माशाला हलणाऱ्या सावल्या दिसतात. एवढ्या एका कामाने पुष्कळ टाक्यांतला अर्धा प्रश्न सुटतो. कारण चारही बाजूंनी उघड्या टाकीत पाठीशी घ्यायला काहीच नसतं. गोल बाऊल आणि षटकोनी टाक्या बुजऱ्या माशांना म्हणूनच अजिबात योग्य नाहीत.

दिवा दिवसातून सहा ते आठ तास पुरे. दोन फुटी टाकीत, म्हणजे साधारण पन्नासेक लिटर पाण्यात, सावलीत वाढणारी झाडं असतील तर १० ते १२ वॉटची एलईडी भरपूर होते. रिमोटवर रंग बदलणाऱ्या पट्ट्या घेतल्याच असतील तर तो बदलता मोड कायमचा बंद करा. अंधारातून एकदम लख्ख उजेड झाला की मासे जिवाच्या आकांताने पळतात, कधीकधी काचेवर आपटून नाक फोडून घेतात. म्हणून खोलीतला दिवा आधी लावायचा, वीसेक मिनिटांनी टाकीचा. रात्री याच्या उलट. लोडशेडिंगच्या गावात हा क्रम पाळता येत नाही, पण टायमर सॉकेट लावला तर वीज परत आल्यावर भलत्या वेळी दिवा पेटणं तरी टळतं. खोली काळोखी आणि टाकी उजळलेली असेल तर आतल्या बाजूने काच आरशासारखी काम करते. माशाला तिथे आपल्याच आकाराचा अनोळखी मासा दिसतो आणि तो हटत नाही. खोलीत थोडा उजेड ठेवला की हा त्रास जातो.

पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगणारी झाडं हा मला सगळ्यात परिणामकारक उपाय वाटतो. पिस्टिया किंवा साल्विनिया या तरंगत्या झाडांनी निम्मं पाणी झाकलं की वरून येणारा धोका माशाच्या लेखी अर्धा होतो. लोंबणाऱ्या मुळांमध्ये टेट्रा आणि लहान रासबोरा अगदी मोकळेपणी हिंडतात. तळ्यातून आणलेली झाडं थेट टाकीत टाकू नका. वेगळ्या बादलीत आठवडाभर ठेवा आणि मुळं नीट तपासा. चतुराची अळी आत आली तर लहान मासे एकेक करून खाते, आणि आपण मासे लपलेत असं समजत राहतो. झाडं सगळीकडे पसरू नयेत म्हणून हवेच्या नळीचा ६० सेंटिमीटरचा तुकडा घ्या आणि दोन्ही टोकं जोडणीने एकत्र करा. वीतभर व्यासाचं तरंगतं कडं तयार होतं. ते पुढच्या बाजूला ठेवलं की तेवढीच जागा मोकळी राहते, तिथून प्रकाश खाली उतरतो आणि तिथेच खाणं टाकता येतं. या कड्याचा उपयोग पुढे मासे शिकवतानाही होतो.

आता बदामाची पानं. ज्या निऑन आणि कार्डिनल टेट्रांच्या लपण्याची तक्रार आपण करतो, ते ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. कार्डिनल ज्या रिओ नेग्रोचा, तिचं पाणी बिनदुधाच्या चहासारखं तपकिरी असतं. जंगलातली पानं कुजून त्यातलं टॅनिन उतरतं म्हणून. कुहली लोच, म्हणजे तळाशी राहणारा सापासारखा लांबट मासा, आग्नेय आशियातल्या अशाच गडद, पानांनी भरलेल्या ओहोळांतला. त्यांना लख्ख पारदर्शक पाणी उघडं माळरान वाटतं. आणि या रंगाचं सामान आपल्या दाराशी पडलेलं असतं. रस्त्याकडेचा, मुंबईत आणि कोकणात कुठेही दिसणारा देशी बदाम, त्याची हिवाळ्यात लाल होऊन गळणारी पानं.

झाडावरून तोडलेली हिरवी पानं चालत नाहीत. आपोआप गळलेली, तपकिरी झालेली घ्या. ज्या रस्त्यावर डासांची धुरळणी होते तिथली नकोत, गटाराकाठची नकोत. साध्या पाण्याने धुवून सावलीत खडखडीत वाळवा. साधारण ३० लिटरला एक मध्यम पान, एवढ्यापासून सुरुवात करा. पान दोन-तीन दिवस तरंगतं, मग तळाला बसतं. आठवड्याभरात पाण्याला हलका सोनेरी रंग येतो. तीन-चार आठवड्यांनी पानाची जाळी उरते, तेव्हा नवं घाला. जुनी जाळी लगेच काढायची घाई नको, तिच्यावर सूक्ष्म जीव वाढतात आणि तळाचे मासे त्यावर चरतात. पण पाण्यावर तवंग आला किंवा कुबट वास येऊ लागला तर निम्मी पानं काढा आणि चौथा हिस्सा पाणी बदला. मऊ पाण्यात, म्हणजे मुंबईच्या तलावांतून येणाऱ्या पाण्यासारख्या पाण्यात, या पानांनी पीएच थोडा उतरतो. बोअरच्या जड पाण्यात पीएच जवळपास हलत नाही. तरी रंग चढतोच आणि बुजरेपणासाठी काम करतो तो रंग, म्हणून बोअरवाल्यांनी पानं वाढवून पीएचच्या मागे लागू नये. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर तो हा रंग शोषून घेतो. तो काढून ठेवा.

आडोसे किती असावेत, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: मासे जितके, त्याहून एकदोन जास्त. एका माशाने जागा बळकावली की दुसऱ्याला दुसरी मिळाली पाहिजे. आडोसा अंगाला जेमतेम भिडेल एवढाच हवा. मोठी, ऐसपैस गुहा आपल्याला छान दिसते. माशाला तिच्यात सुरक्षित वाटत नाही. त्यामुळे कुहलीला इलेक्ट्रिशियन वापरतात तो २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप बरोबर होतो. दहा-बारा सेंटिमीटरचे तुकडे कापा, कापलेल्या कडा पॉलिशपेपरने घासा, तिघांची मोळी दोऱ्याने बांधा आणि निम्मी रेतीत पुरा. काचेला तोंडाने चिकटणाऱ्या ब्रिसलनोज प्लेकोला ५० मिलिमीटरचा पाइप लागतो. कुहलीचा पाइप दोन्ही बाजूंनी उघडा हवा. आत कोंडलं गेलं तर सुटता यावं म्हणून. गुहेत अंडी घालणाऱ्या बुटक्या सिक्लिडांना मात्र मागून बंद असलेली जागा हवी, त्यांना नारळाची करवंटी उत्तम. करवंटीच्या शेंड्या खरवडून काढा, दोनदा उकळा, पाणी तांबडं यायचं थांबेपर्यंत भिजवत ठेवा, कडेला बोटभर दार पाडा आणि उपडी ठेवा. सुरुवातीला ती तरंगते, वर दगड ठेवावा लागतो. मातीची कुंडी चालते, रंगवलेली नको.

आता मांडणी. सगळे आडोसे मागच्या भिंतीला लावून ठेवतात, आणि मग मासा पुढे कसा येईल? पहिला मागे, दुसरा त्याच्यापासून वीतभर पुढे, तिसरा जवळजवळ पुढच्या काचेशी, अशी साखळी करा. मधल्या जागेत जावा मॉसचा गुच्छ किंवा एखादं बदामाचं पान. माशाला एका सावलीतून दुसऱ्या सावलीत जायचं असतं; सलग मोकळं अंतर कुठेही त्याच्या अंगाच्या तीनचार लांबींपेक्षा जास्त राहू देऊ नका. पुढच्या काचेजवळच्या पाइपचं एक तोंड तिरकं आपल्याकडे ठेवलं तर मासा आत बसलेलासुद्धा दिसतो. जावा फर्न आणि अनुबियास लाकडाला दोऱ्याने बांधा, त्यांचा आडवा कंद रेतीत पुरला की सडतो. व्हॅलिस्नेरिया मात्र रेतीतच लावायची. तिच्या उभ्या पात्यांचा पडदा मागच्या बाजूला फार कामाचा.

ही साखळी नीट जमली की कुहली कसा बाहेर येतो ते बघण्यासारखं असतं. आधी पाइपच्या तोंडाशी फक्त मिशा दिसतात, चार-पाच सेकंद त्या हलत राहतात. मग बोथट तोंड. डोळ्यावर पारदर्शक कातडी असते, त्यामुळे रेतीत तोंड खुपसलं तरी डोळ्याला इजा होत नाही. अर्धा इंच बाहेर येऊन तो चिमूटभर रेती तोंडात घेतो, खाण्यासारखं असेल ते ठेवतो आणि बाकीची कल्ल्यांतून सोडून देतो. काही हललं की सगळा मासा एका झटक्यात मागे. पण मागे जाऊन तो अर्ध्या मिनिटात परत मिशा काढतो, आणि तुमची मांडणी बरोबर आहे हे ओळखायची खूण तीच. घाबरणं थांबावं अशी अपेक्षाच करू नका. घाबरल्यावर परत यायला लागणारा वेळ कमी झाला पाहिजे. कुहली घेणार असाल तर फिल्टरच्या तोंडावर स्पंज चढवा आणि जुन्या पद्धतीचा खड्यांखालचा प्लेट-फिल्टर काढून टाका. ते त्या प्लेटच्या खाली शिरतात आणि महिनोन्महिने तिथेच राहतात.

एकटादुकटा मासा बुजणारच. कुहली पाच-सहा, कोरीडोरस सहा, निऑन आठ-दहा तरी हवेत. दोन-दोन करून पाच जातींचे मासे घेण्यापेक्षा एकाच जातीचे दहा घ्या. त्या दहांत दोनतीन धीट निघतात आणि बाकीचे त्यांच्यामागे येतात.

यापुढची पायरी म्हणजे भरवसा देणारे सोबती. कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राणिवर्तनाचे अभ्यासक जॉर्ज बार्लो यांनी १९६८ साली यावर लिहिलं. प्रयोगाच्या टाकीत मासे घाबरून दडून बसले की निरीक्षणच होत नाही, म्हणून त्याच टाकीत वरच्या थरात मोकळे पोहणारे दुसरे मासे सोडायचे. अशा माशांना इंग्रजीत डिदर फिश म्हणतात आणि मासे पाळणाऱ्यांत आजही तेच नाव चालतं. वरचे मासे शांतपणे फिरताहेत याचा अर्थ खालच्या माशाला लागतो की वर कोणी शिकारी नाही. झेब्रा डॅनिओ मूळ आपल्याच उपखंडातला, स्वस्त, काटक आणि दिवसभर वरच्या थरात. सिक्लिडांसाठी तो छान. पण सोबती निवडताना तीन गोष्टी बघायच्या. तापमान जुळलं पाहिजे: डिस्कसला २८ ते ३० अंश लागतात, त्याच्यासोबत डॅनिओपेक्षा कार्डिनल किंवा रमीनोज बरे. तो बुजऱ्या माशाच्या तोंडात मावता कामा नये. वाढलेल्या एंजलबरोबर निऑन सोडले तर काही दिवसांत निऑन संपतात. आणि तो इतका चपळ नको की खाणं तळाला पोचायच्या आधीच फस्त करेल. सहा ते आठ पुरेत, आणि झाकण हवंच, डॅनिओ उड्या मारतात.

टायगर बार्ब मात्र सोबती म्हणून आणू नका. आपल्याकडे एंजल आणि टायगर बार्ब एकत्र विकण्याची रीतच आहे. बार्ब एंजलचे लांब पर कुरतडतात, एंजल कोपऱ्यात उभा राहतो आणि घरातले म्हणतात एंजल बुजरा आहे. कुरतडलेल्या परांच्या कडा आणि हीटरमागे उभं राहणारा एकच मासा दिसला तर दंडेली कोण करतंय ते शोधा. दंड्या माशाला आठवडाभर वेगळ्या टाकीत काढा, मधल्या काळात दगड-लाकडांच्या जागा बदला, मग त्याला परत सोडा. नव्या मांडणीत त्याची जुनी हद्द उरत नाही. तरी सुधारला नाही तर तो दुकानदाराला परत द्या.

जखमेबद्दलही सावध राहायला हवं. मधमाश्यांच्या नाचाचा उलगडा करणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ साली मिनो माशांबद्दल लिहिलं की एकाची कातडी फाटली की त्यातून पाण्यात उतरणाऱ्या द्रव्याने बाकीचा थवा घाबरून पळतो. टेट्रा, बार्ब, डॅनिओ, लोच, कॅटफिश या सगळ्या गटात हा गुण आहे. म्हणजे खरखरीत जाळीने एक निऑन ओरबाडत पकडलात तर सगळी टाकी दडून बसते. मऊ जाळी वापरा, किंवा जाळीने हाकत पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात घ्या. मासा जखमी झालाच तर त्याला वेगळा करा आणि चौथा हिस्सा पाणी बदला.

खोलीकडे वळू. टाकी दरवाज्याशी, टीव्हीच्या स्पीकरशेजारी किंवा वॉशिंग मशीनच्या भिंतीला नको. कार्प, टेट्रा, लोच यांच्या कानापासून हवेच्या पिशवीपर्यंत हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांना आवाज आणि कंप चांगलाच कळतो. टाकी जितकी खाली, तितके आपण माशाला वरून झेपावणारे दिसतो. उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीला पाण्याचा मध्य आला तर हा त्रास बराच कमी होतो. गणपतीत ढोल-ताशा दारावरून जाणार असेल, दिवाळीत गच्चीवर फटाके असतील, तर त्या संध्याकाळी टाकीचा दिवा लावू नका, तिन्ही बाजूंनी जाड चादर टाका आणि खाणं दुसऱ्या दिवशी द्या. पंप बंद करायचा नाही. पॉवर फिल्टरचा झोत सरळ लांबीत मारत असेल तर लहान मासे वाऱ्याच्या आडोशाला बसावं तसे लाकडामागे अडकून पडतात. तोंड काचेकडे फिरवा किंवा स्प्रे-बार लावा.

आणि आता खाणं, कारण शेवटी मासा बाहेर येतो तो खाण्यासाठी. नवा मासा आणला की पहिला दिवस दिवा बंद, खाणं बंद. नंतरचे दोन आठवडे त्याला शोधायचं नाही. खाणं रोज एकाच वेळी आणि एकाच जागी द्या. वरच्या माशांना त्या तरंगत्या कड्यात. तळाच्या माशांसाठी २० मिलीच्या सिरिंजला हवेच्या नळीचा फूटभर तुकडा जोडा, बुडणाऱ्या गोळ्या भिजवून किंवा ब्लडवर्म (माशांना घालायच्या लाल अळ्या) त्यात घ्या आणि हलकेच आडोशाच्या तोंडाशी सोडा. फ्रोझन ब्लडवर्मच्या एका क्यूबचा पाव भाग सहा कुहलींना पुरतो. आधी वरच्या माशांना टाकीच्या दुसऱ्या टोकाला द्या, म्हणजे ते तिकडे गुंततात. तीन-चार दिवस मासा बिनधास्त खातोय असं दिसलं की जागा पाच सेंटिमीटर पुढे सरकवा. पुन्हा तीन-चार दिवस. एखाद्या टप्प्यावर खाणं तसंच पडून राहिलं तर एक टप्पा मागे या. उरलेलं दोन-तीन तासांत काढा, नाहीतर अमोनियाने सगळं मुसळ केरात जाईल.

सुरुवातीला ही वेळ संध्याकाळची, दिवा बंद करून वीस-तीस मिनिटं झाल्यावरची ठेवा. रोज पाच-दहा मिनिटं अलीकडे आणत गेलात तर काही आठवड्यांत मासा उजेडात खायला लागतो. अंधारात बघायचं तर लाल टॉर्च लावा असं सगळे सांगतात, कारण म्हणे माशांना लाल दिसत नाही. गोल्डफिशसारख्या गोड्या पाण्यातल्या अनेक माशांना लाल चांगलं दिसतं. टॉर्चचा रंग कुठलाही असो, तो मंद हवा आणि बाजूच्या भिंतीवर मारलेला हवा.

काही माशांना दिवसा बाहेर काढायचा हट्टच धरू नये. वाम जातीचे मासे, म्हणजे स्पायनी ईल, रेतीत नाकापर्यंत पुरून घेतात, ते तसेच. ब्लॅक घोस्ट हा काळा, सुरीच्या पात्यासारखा मासा स्वतः तयार केलेल्या विजेच्या क्षीण क्षेत्राने अंधारात वाट काढतो, दिवसा त्याला बाहेर येण्याचं कारणच नसतं. त्याला अंगाएवढ्या व्यासाची पारदर्शक ॲक्रिलिक नळी द्या; चारही बाजूंनी अंग टेकलं की तो लपल्यासारखा निवांत बसतो आणि आपल्याला दिसतो. पण तो ४५-५० सेंटिमीटर होतो आणि दुकानातला 'सकर' फूटभराच्या वर जातो, हे टाकी दोन फुटी असेल तर घेण्याआधीच विचारात घ्या. अशा माशांसाठी दिवा बंद झाल्यावर तास-दोन तास निळी मंद एलईडी लावता येते, रात्रभर नको.

वरचे सगळे उपाय एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळणार नाही, आणि टाकी रोज हलवल्यामुळे मासा आणखी बुजेल. आधी काळा कागद आणि प्रकाश, मग दहा-बारा दिवस थांबून तरंगती झाडं आणि पानं, मग आडोशांची साखळी, सोबती सगळ्यात शेवटी. दिवा लागल्यापासून पहिला मासा किती मिनिटांनी दिसला तेवढं कॅलेंडरवर लिहीत जा. आठवड्याचं २०-२५ टक्के पाणी बदलताना सायफन दर वेळी एकाच बाजूने सुरू करा आणि एक कोपरा कायम न हलवता सोडा, माशांना जायला तेवढी जागा असते.

मासे धीट झाले की झाडं दाट वाटू लागतात, आणि कात्री हातात येते. छाटणी करायचीच, पण एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, आणि पुढच्या काचेजवळचा पाइप त्या आठवड्यात हलवायचा नाही. पाइप रिकामा दिसतो म्हणून तो कायमचा काढून टाकलात, तर आठवड्याभरात मासे पुन्हा फिल्टरमागे जातील.